कापसाच्या खोलीतले दगड

अमर भोयर पोटापाण्यासाठी काय करतो, हे सांगताना दारव्ह्यातल्या लोकांची पंचाईत होते. त्याच्यासाठी स्थळं घेऊन येणाऱ्यांना त्याची आई विमलताई सरळ सांगते, "तो दगड पाडते अन् त्याचा आवाज विकते." ऐकणारा आधी हसतो, मग विमलताईंचं तोंड पाहून चहाचा कप उचलतो.

वर्णन मात्र अचूक आहे. सिनेमात किल्ल्याचा बुरूज कोसळतो, मोबाइलवरच्या खेळात डोंगर फुटतो. पडद्यावरचं ते सगळं संगणकावर तयार झालेलं असतं आणि मुळात मुकं असतं. त्याला आवाज द्यायचा तर कुणालातरी कुठेतरी खरे दगड आपटावे लागतात. गेली काही वर्षं त्यातले थोडे दारव्ह्यात आपटले जातात.

अमर आधी लग्नांचे व्हिडिओ करायचा. दिग्रस रोडच्या गिट्टी खदानीवर टिप्पर चालवणारा रहमत त्याचा शाळेपासूनचा मित्र. एकदा अमर त्याच्यासोबत खदानीवर गेला होता, आणि रहमतनं टिप्पर रिकामा करताना डबराचा, म्हणजे फोडलेल्या दगडांचा, जो लोंढा खाली आला, त्याचा आवाज त्यानं हातातल्या रेकॉर्डरवर गंमत म्हणून घेतला. तो इंटरनेटवर टाकला. महिनाभरानं पुण्याहून एका स्टुडिओचा फोन आला. असे आणखी आहेत का, त्यांनी विचारलं. फक्त दगड हवेत, मागं हॉर्न नको, कुत्रं नको, माणूस नको.

अमरला वाटलं, सोपं काम आहे. खदानीत सुरुंगाचा बार उडतो तेव्हा लांब माइक लावून बसायचं. त्यानं तसं केलं. घरी येऊन ऐकलं तर तव्यावर तेल तडकल्यासारखा एक चट्ट आवाज आणि त्यानंतर टिनावर सांडलेल्या ज्वारीसारखी लांबलचक सरसर. डोंगर फुटला होता आणि ऐकायला पोतं फाटल्यासारखा वाटत होता. हजार दगड एकदम पडले की त्यातला एकही ऐकू येत नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. कोसळणं ऐकवायचं असेल तर ते एकेक दगड करून रचावं लागतं. मुठीएवढा गोटा लाकडी फळीवर टाकून त्याचा आवाज निम्म्या वेगानं वाजवला की तो शिळेसारखा भारी होतो. भिंतीला तडा जाण्यासाठी वाळलेल्या तुराट्या मोडायच्या. दगडावर दगड घासण्यासाठी विमलताईंचा पाटा-वरवंटा. शेवटी धूळ खाली बसण्यासाठी सुपातून मुरूम ओघळवायचा. अशा तीस-चाळीस आवाजांचे थर एकमेकांवर चढवले की एक भिंत पडते.

हे सगळं करायला जी खोली लागते ती शहरात लाखो खर्चून बांधतात. तिच्या भिंतीवरून आवाज परत येता कामा नये. भोयरांच्या घरात अशी खोली दिवाळीनंतर आपोआप तयार होते. शेतातला कापूस घरी येतो, टिनाच्या छपराच्या मागच्या खोलीत भरला जातो, आणि डिसेंबरपर्यंत तीन बाजूंनी आढ्याला टेकतो. मधे खाटेएवढी जागा अमर राखून ठेवतो. तिथं उभं राहून टाळी वाजवली तर हातातल्या हातात मरते. स्वतःचा श्वास ऐकू येतो. तोटा इतकाच, की साठवलेल्या कापसाची अंगाला खाज सुटते. त्यामुळे अमर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, गळ्याशी बटण लावून काम करतो. आणि खोली किती दिवस मिळणार, हे कापसाच्या भावावर असतं. भाव चढला की वडील कापूस विकतात आणि स्टुडिओ ट्रॉलीत बसून बाजार समितीत जातो.

वडील म्हणजे नानाजी. सत्तरीच्या अलीकडचे, काटक, कमी बोलणारे. शेती होतीच, पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ट्रॅक्टरच्या कंप्रेसरवर ड्रिल मशीन चालवलं. तालुक्यातल्या कितीतरी विहिरींच्या काळ्या दगडात सुरुंगाची भोकं त्यांनी पाडली. बारा-बारा हात खोल विहिरीत, चारही बाजूंना खडक, मधे माणूस आणि मशीन. कानात कापसाचा बोळा कोंबायचा, एवढंच संरक्षण. त्यांचे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग सायकलची घंटी, मग फोन. माणसं शेवटी गेली. "आजकाल लोकं तोंडातल्या तोंडात बोलतात," असं ते बरीच वर्षं म्हणत राहिले.

त्यांच्याशी ओरडून ओरडून विमलताईंचा गळा बसला तो कायमचा. पुढं त्यांनी ओरडणंही सोडलं. जेवायला बोलवायचं तर ताट वाजवायच्या नाहीत, समोर जाऊन हाताचा घास करून दाखवायच्या. बाकी जे बोलायचं ते भिंतीशी, चुलीशी, परातीतल्या पिठाशी. नानाजी शेजारी बसलेले असले तरी. त्यात तक्रारी असत, बातम्या असत, आणि एक नेहमीची धमकी असे, "चालली मी पुसदले." पुसद त्यांचं माहेर.

यंदा दिवाळीनंतर अमरनं वडिलांना यवतमाळला कानाच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं आणि ऐकू यायचं मशीन घेतलं. बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिले काही आठवडे सगळं कर्कश वाटेल, आणि तरी ते काढायचं नाही. अमरनं मान हलवली. आवाजातलं आपल्याला कळतं, असं त्याला वाटत होतं, आणि ते खरंही होतं.

परतीच्या जीपमध्ये अर्ध्या वाटेतच नानाजींनी मशीन काढून खिशात टाकलं. घरी विमलताई मांडणीवर स्टीलची ताटं लावत होत्या. अमरनं मशीन पुन्हा लावून दिलं, तेवढ्यात एक ताट दुसऱ्यावर बसलं आणि नानाजी चाबूक बसल्यासारखे उडाले.

"काढ रे बाबू हे! डोक्यात क्रशर सुरू झालं."

"सवय होईन, बाबा."

"कायची सवय? भांडं वाजलं तरी डबर, दार लागलं तरी डबर. तुही माय बोलून राह्यली, तेही डबरच."

"घ्या!" विमलताई म्हणाल्या. "इतके वर्ष दगडाशी बोलली. आता मीच डबर झाली."

नानाजींनी मशीन चुन्याच्या डबीशेजारी ठेवलं. दोन दिवस ते तिथंच होतं.

तिसऱ्या दिवशी अमरनं ते उचललं. मशीनचं एक ॲप फोनमध्ये होतं, त्यात तीन पट्ट्या: खालचे जाड आवाज, मधले, वरचे बारीक. हाताला सवयीचं काहीतरी दिसल्यावर माणूस विचार करत नाही. एखादा दगड फार टोचरा आला की अमर वरची पट्टी खाली ओढतो, आवाज मऊ होतो, काम पुढं जातं. त्यानं तेच केलं. वरची पट्टी जवळजवळ तळाला नेली, खालची थोडी चढवली, आणि मशीन वडिलांच्या कानात बसवलं. मग मुद्दाम एक वाटी खाली टाकली.

नानाजी दचकले नाहीत. "आता बरं वाटते," ते म्हणाले. "गोड वाटते."

घरात सणासारखं झालं. नानाजी सकाळी स्वतःहून मशीन लावायचे. ओट्यावर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहून हसायचे, कुणी काही म्हटलं की "व्हय, व्हय" म्हणायचे. रहमत येऊन म्हणाला, "नानाजी तर जवान झाले यार." त्यालाही नानाजी "व्हय" म्हणाले. अमर निश्चिंत होऊन कामाला लागला. हैदराबादच्या एका स्टुडिओसाठी त्याला दगडी बुरूज पाडून द्यायचा होता. पायथ्यापासून टोकापर्यंत, सावकाश.

आठवडाभरानं तो कापसाच्या खोलीत हेडफोन लावून बसला होता, तेव्हा ते मागून कुणीतरी ओढून काढले.

"त्या मशीनले काय केलं तू?" विमलताई विचारत होत्या.

"काहून? चांगलं तं चालून राह्यलं."

"चांगलं? आता भाकरी टाकून राह्यली होती. पाठ होती मायी तिकडं. म्हणलं, चालली मी पुसदले, वापस नाही येत. तं तुहा बाप म्हणते, व्हय, बरोबर हाय."

"मनातलं बोलले असतीन, माय."

विमलताई हसल्या नाहीत. "मंग म्हणलं, तुमच्या खाटेले आग लागली. तं म्हणते, बरं, बरं." त्या कापसाला टेकून उभ्या राहिल्या. बसलेल्या गळ्यानं त्या हळू बोलत होत्या, पण त्या खोलीत प्रत्येक शब्द कानाशी बोलल्यासारखा येत होता. "आंधी आयकू नाही ये, तं विचारत तरी जाय. काय म्हणलं, काय म्हणलं, करून जीव खाय माया. आता इचारतही नाही. नुसते हासते."

काय झालं ते अमरला तिथंच कळलं. इतक्या उशिरा कळलं याची त्याला लाज वाटली. दगड कशावर पडला, लाकडावर, मातीवर की दुसऱ्या दगडावर, हे आवाजाच्या वरच्या भागात कळतं. तो भाग कापला की राहतो फक्त धप्प. माणसाच्या बोलण्याचंही तसंच आहे. शब्दांच्या कडा वरच असतात. बोचत होत्या त्या कडाच होत्या. त्या त्यानं तासून टाकल्या होत्या, आणि वडिलांकडे उरली होती घरभर चाललेली एक मऊ गुणगुण, जिला होकार देण्यापलीकडे काही करता येत नाही.

यवतमाळच्या बाईंनी मशीन तपासलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"वरचं कुणी कमी केलं?"

"मी."

"का?"

"त्यांना टोचत होतं."

"टोचणारच. कितीतरी वर्षांनी ऐकतायत ते." बाईंनी मशीन पहिल्यासारखं करून दिलं. "तुम्ही आवाज चांगला केलात. कान तसेच राहिले. मेंदूला हे आवाज आता ओळखीचे नाहीत, म्हणून सगळा गोंगाट वाटतो. शांत जागी बसवा, एका वेळी एकच आवाज ऐकू द्या. रोज थोडं. घरात अशी शांत खोली आहे का?"

"आहे," अमर म्हणाला. "कापूस विकेपर्यंत."

प्रश्न नानाजींना तिथं बसवायचं कसं, हा होता. धडे घ्यायला ते बसले नसते. अमरनं त्यांना सांगितलं, की बुरुजाचं काम अडलं आहे, रहमतला वेळ नाही, आणि दगड टाकायला एक माणूस पाहिजे. यात खोटं फारसं नव्हतं.

"तुह्या सिनेमात मी?" नानाजींनी विचारलं. अमरनं त्यांच्या कानापाशी जाऊन सांगितलेलं असल्यानं हे त्यांना कळलं होतं.

"तुमचा हात राहीन. बाकी नाही."

कामाची पद्धत अशी. अमर इशारा करणार. नानाजी एक दगड टाकणार. मग अमरचा हात वर होईपर्यंत कुणी हलायचं नाही, कारण दगड थांबल्यावरही त्याचा आवाज थोडा वेळ मागं रेंगाळतो आणि तो लागतो. मशीन मात्र लावून ठेवायचं, इशाऱ्याबरोबर बोललेलं कळावं म्हणून. पहिल्या दिवशी एक खडा फळीवर पडला आणि नानाजींचा चेहरा आंबट झाला.

"टोचते."

"कसं?"

"सुईवानी." थोड्या वेळानं ते म्हणाले, "पण एकच सुई हाय."

दोघांनी रोज दुपारी तासभर हेच केलं. खडा फळीवर. खडा मातीवर. खडा पाट्यावर. नानाजी गळ्यापर्यंत बटणं लावून, तरी मान खाजवत, दगड सोडत आणि थांबत. आयुष्यभर त्यांनी दगडातून दणका काढला होता. दगड पडल्यावर काय होतं ते ऐकायला थांबायची वेळ आली नव्हती, कारण बार उडताना माणूस पळत असतो. काही दिवसांनी ते पाठ फिरवून उभे राहिले आणि अमरला म्हणाले, "तू टाक." अमरनं टाकला. "फळी," ते म्हणाले. पुढचा. "माती." त्याच्या पुढच्याला त्यांनी चुकीचं सांगितलं, त्याच्या पुढच्यालाही.

"आता मूठभर टाक," हेही तेच म्हणाले. मूठभर पडल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले, पण कानाकडे हात गेला नाही. मुठीनंतर ओंजळ आली, ओंजळीनंतर टोपलं. एकदा टोपलं रिकामं करून झालं, अमरचा हात वर जायच्या बेतात होता, आणि नानाजींच्या मुठीत एक खडा उरला होता. तो त्यांनी सावकाश सोडला. टप्प, आणि मग फळीवरून घरंगळत गेलेली एक बारीक रेघ. नानाजी ती रेघ संपेपर्यंत मान तिरकी करून उभे होते. अमरनं तो खडा रेकॉर्डिंगमधून कापला नाही. हैदराबादच्या लोकांनीही नाही. त्यांच्या बुरुजाचा शेवट आता तसाच होतो.

विमलताईंचा या सगळ्यावर फारसा विश्वास नव्हता. चार वाजता त्या दारात येऊन, बसलेल्या गळ्यानं का होईना, पुन्हा ओरडायला लागल्या होत्या, "चहा!" खोलीत तो आवाज असा आदळायचा की नानाजी दोन्ही हात वर करायचे.

"माय, हळू बोल," अमर म्हणाला.

"हळू? यायच्याशी?" विमलताई विचारात पडल्या. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. नवऱ्याशी हळू कसं बोलायचं ते त्यांना आठवत नव्हतं. शेवटी त्या इतक्या बारीक आवाजात "चहा" म्हणाल्या, की अमरलाच नीट ऐकू आलं नाही.

"येतो," नानाजी म्हणाले.

"त्यात काय आयकलं!" विमलताई अमरला म्हणाल्या. "चार वाजता दुसरं काय राह्यते?" पण दुसऱ्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत.

फेब्रुवारीत कापसाचा भाव थोडा चढला. नानाजींनी रहमतला निरोप दिला, ट्रॉली घेऊन ये. अमर म्हणाला, आणखी पंधरा दिवस थांबू. बुरुजाचं काम तर कधीच पुरं होऊन हैदराबादला गेलं होतं. त्याला भीती वेगळी होती. नानाजी जे ऐकू लागले होते ते त्या खोलीत, जिथं आवाज जन्मतो तिथंच मरतो. बाहेर टिन आहे, फरशी आहे, स्टील आहे, कुकर आहे, रस्त्यावर ट्रॅक्टर आहेत. तिथं प्रत्येक आवाजाला चार पोरं होतात. मशीन पुन्हा चुन्याच्या डबीपाशी गेलं असतं, तर ते दुसऱ्यांदा उचलायला कुणी लावू शकलं नसतं. विमलताईंनाही हे माहीत होतं. त्यांनी त्या आठवड्यात एकदाही पुसदचं नाव घेतलं नव्हतं.

"तुह्या गोट्यासाठी कापूस ठिवू?" नानाजी म्हणाले. "साऱ्या घराले खाज सुटली."

सकाळी ट्रॉली आली. रहमत मागं उभा राहून ओरडत होता, "येऊ द्या, येऊ द्या, बस, बस! अबे बस म्हणलं ना!" माणसं कापूस तुडवत भरत होती. नानाजींनी मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवलं. त्यात काही विशेष नव्हतं, त्या गलक्यात चांगल्या कानाच्या माणसानंही बोटं घातली असती. अमरनं मात्र ते पाहिलं.

दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. भिंतीला चिकटलेले चार पुंजके, कोपऱ्यात फळी, पाटा, गोट्यांचं टोपलं. नानाजी बाजार समितीतून आले, हातपाय धुतले आणि त्या खोलीत गेले. तिथं उभं राहून त्यांनी खिशातून मशीन काढलं आणि कानात बसवलं. मग टोपल्यातला एक गोटा उचलून फळीवर टाकला. टिनाखालच्या उघड्या खोलीत तो केवढ्यानं तरी वाजला. नानाजींचे खांदे वर गेले. ते बाहेर आले.

"लय घुमते," अमरला म्हणाले. हात कानाकडे गेला, मशीनवर थांबला. त्यांनी ते थोडं आत दाबलं आणि जाऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले.

आत विमलताई पाठमोऱ्या बसून परातीत ज्वारीचं पीठ मळत होत्या. बाजूला नळ ठिबकत होता. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. नानाजी आले तेव्हा त्यांनी वळून पाहिलं नव्हतं, पण उंबऱ्यावर कोण बसतं ते त्यांना पाठीनं कळत आलं आहे. त्यांनी परातीला सांगितलं, "चालली मी पुसदले." परीक्षा घेत होत्या की सवयीनं बोलल्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"पुसदले?" नानाजी म्हणाले. "कायले?"

विमलताईंचा हात पिठात थांबला. अंगणात वायर गुंडाळत असलेल्या अमरचाही थांबला.

विमलताई वळल्या. इतक्या वर्षांत ही धमकी त्यांनी शेकडो वेळा दिली होती आणि का जाते, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"उगाच," त्या म्हणाल्या.

"उगाच कोण जाते?"

"बहिणीले पाहाले. तिच्या गुडघ्याचं आपरेशन झालं ना."

"कवा?"

"मागच्या साली. तुमाले सांगतलं होतं."

"मले नाही सांगतलं."

"सांगतलं होतं. हितंच बसून सांगतलं होतं."

नानाजी उंबऱ्यावर थोडे पुढं सरकले. नळाचा एक थेंब पडला, दुसरा पडला. "मंग आता सांग," ते म्हणाले. "जराक हळू. अन् इकडं तोंड कर."

विमलताईंनी पाट सरकवला. हात पिठाचेच होते. आधी गुडघा सांगितला, मग गुडघ्यावरून भाऊ, भावावरून त्याच्या सुनेचं बाळंतपण, मग कुठल्याशा लग्नात झालेलं मानापमानाचं भांडण. मधेमधे नानाजी हात वर करून थांबवत आणि एखादा शब्द पुन्हा मागत. त्या तो पुन्हा देत आणि वर एक टोमणाही. अमरनं वायर तिथंच ठेवली आणि फाटक न वाजवता रस्त्यावर निघून गेला.

आत परातीतलं पीठ वाळायला लागलं होतं.